सुमावली, सत्त्याऐंशी पट लहान

छत्तीस वर्षं लष्करात काढली म्हटलं
की पुण्याचे पाहुणे सावरून बसतात:
कुठली रेजिमेंट?
ग्वाल्हेरचं लष्कर हो. दौलतगंज, माडीवर.
कवळ्या करायचो.

आता त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली,
त्याच कोरण्यांनी
सुमावलीचं स्टेशन करतोय.
माणूस इथे दोन सेंटिमीटरला जरा कमी भरतो,
मुळासकट उपटलेल्या दाताएवढा.
माप हातात होतंच.

भिंती गजकच्या खोक्यांच्या.
त्यांना गेरू, हळद आणि चहाचं तिसरं पाणी.
कुमुदिनी म्हणते, हळद जास्त झाली,
स्टेशन बोहल्यावर चढायला निघालंय.
झाडं घोसाळ्याच्या वाळल्या जाळीची.
बीहड मात्र एका बैठकीत उठला:
प्लास्टर ओलं असतानाच बोटं ओढली,
कडा, खळगे,
हिरडी उतरत जावी तशी उतरत गेलेली जमीन.
जबड्यांची सवय, दुसरं काय.

खिडक्यांना एक्स-रेची फिल्म धुऊन लावली.
एक नीट धुतली गेली नाही.
संध्याकाळी आत दिवा लावला की
तिकीटखिडकीत कुणाची तरी अक्कलदाढ दिसते,
आडवी उगवलेली,
सुट्ट्या पैशांवरून अडून बसल्यासारखी.

खरी गाडी बंद झाली, रूळही उचलले.
मापं घ्यायला गेलो होतो टेप घेऊन.
मोजायला शिल्लक होता एक ओटा
आणि ओट्यावर एक कुत्रं.
आधी कुत्रं केलं. सहा मिलिमीटर.

खालची कवळी टोचते म्हणून
रामसिया कुशवाह जिना चढून आला.
एके काळी तिथला सांधेवाला.
धंदा बंद केलाय म्हणायच्या आत
कवळी रुमालात, तोंडाचं बोळकं,
टेबलाभोवती दोनदा फिरला
आणि दोन बोटांत पाण्याची टाकी उचलून
रुळांच्या पलीकडे ठेवून मोकळा झाला.
डिंक ओला होता म्हणून बरं.
"और प्लेटफार्म था ही कहाँ, साहब?"
दोन दिवस घासत बसलो,
फलाट जमिनीला मिळेपर्यंत.

पुढच्या खेपेला डब्यांवरून हात फिरवला,
लहान मुलाच्या टाळूवरून फिरवावा तसा.
"छत खाली क्यों है?"
मी म्हटलं, नियम.
तो हसला. हिरड्यांनी हसलेलं
फार खरं वाटतं, मला तर नेहमीच वाटत आलंय.

मग कवळीच्या गुलाबी मसाल्याची
एकतीस माणसं केली.
कुमुदिनीने रंगवली: कुणाला गमछा, कुणाला काठी,
एकाच्या मांडीवर बकरी.
सगळी टपावर बसवली, बटण दाबलं,
आणि पहिल्याच वळणावर
अख्खी गाडी बीहडात.

बकरी अजून सापडलेली नाही.

रामसिया म्हणाला, वळण आलं की
टपावरचे सगळे आतल्या अंगाला झुकायचे.
कुणी सांगायचं नाही. झुकायचे.
माझी माणसं ताठ, प्रत्येकाच्या पाठीत तार.
अकरा जणांच्या पाठी तापवून वाकवल्या,
बाकीच्यांनी त्यांना बघून शिकावं.
वेगही निम्म्यावर आणला.
शेजारचा ओजस ओरडतो, आजोबा, अडकली!
"नहीं बेटा," रामसिया सांगतो, "यही स्पीड थी।"

कवळी तयार होऊन तीन आठवडे झाले.
वाटीत पाण्यात ठेवली आहे, त्याच्या डोळ्यांसमोर.
रोज येतो, रोज न्यायची विसरतो.
सव्वासहाची मात्र चुकवत नाही:
टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून
हिरव्या झेंडीसारखा हात वर करतो,
मी बटणावर बोट ठेवून
त्याच्या हाताकडे बघत असतो.